पावसाळी अरण्यातले निवडुंग आणि त्यांचे जातिवैविध्य

कांचनवेल

निवडुंग म्हटले की बहुतेकांच्या नजरेसमोर वाळू, रखरखीत ऊन आणि हात वर करून उभा असलेला काटेरी खांब येतो. तो चुकीचा नाही. परंतु कॅक्टेसी कुलातील सुमारे दहाव्या हिश्शाइतक्या, म्हणजे शंभराहून अधिक जाती उष्ण कटिबंधातील दमट अरण्यांत, मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर आणि शेवाळलेल्या खडकांवर वाढतात, याची चर्चा मराठीत फारशी झालेली दिसत नाही. या धाग्यात त्याच निवडुंगांविषयी लिहावे असा विचार आहे. जाणकारांनी भर घालावी आणि जिथे मतभेद असतील तिथे ते मोकळेपणाने मांडावेत. (सोयीसाठी मी ‘जाती’ हा शब्द स्पीशीजसाठी आणि ‘प्रजाती’ हा शब्द जीनससाठी वापरतो आहे.)

पहिला प्रश्न असा की, जिथे वर्षाला दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे पाणी साठवणाऱ्या वनस्पतीचे काय काम? याचे उत्तर जमिनीवर उभे राहून मिळत नाही, त्यासाठी नजर फांदीवर न्यावी लागते. वीस-पंचवीस मीटर उंचीवरच्या फांदीला माती नसते. असतो तो सालीच्या भेगांत साचलेला पाचोळा, थोडे शेवाळ आणि पक्ष्यांची विष्ठा. पाऊस थांबला की तासाभरात ते सारे निथळते, वारा लागतो, ऊन लागते आणि पुढची सर येईपर्यंत त्या रोपाला कोरड्यातच दिवस काढावे लागतात. पाऊस किती पडतो याइतकेच तो मुळाशी किती वेळ टिकतो यालाही महत्त्व आहे. झाडावर राहणाऱ्या, पण झाडाचा रस न शोषणाऱ्या अशा वनस्पतींना आपण अपिवनस्पती म्हणतो. आपल्याकडे सह्याद्रीत ही जागा आमरींनी (ऑर्किडनी) घेतली आहे, सीतेची वेणी हे त्यांतले सर्वांच्या ओळखीचे उदाहरण. अमेरिका खंडात याच जागेत आमरी आणि ब्रोमेलियाड (अननसाच्या कुलातील वनस्पती) यांच्या जोडीने निवडुंगही शिरले.

शिरताना त्यांनी शरीराची ठेवण बदलली. वाळवंटी निवडुंग गोल किंवा जाड खांबासारखा असतो, कारण कमी पृष्ठभागात अधिक पाणी मावते. अरण्यात पाण्याबरोबर प्रकाशाचीही टंचाई असते, म्हणून येथील खोडे चपटी, पानासारखी झाली; काहींत ती दोऱ्याइतकी बारीक होऊन फांदीवरून लोंबू लागली. काटे बहुतेकांनी टाकून दिले, कारण इतक्या उंचीवर चरायला येणारी जनावरे थोडीच. ऊन अडवणारी दाट लवही गेली. टिकून राहिली ती एक महत्त्वाची सवय, रात्री श्वास घेण्याची. हे निवडुंग दिवसा त्वग्रंध्रे (त्वचेवरची सूक्ष्म छिद्रे) मिटून घेतात, रात्री गारव्यात ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आम्लाच्या रूपात साठवतात आणि दुसऱ्या दिवशी सूर्यप्रकाशात त्याचे अन्न करतात. वाळवंटात उपयोगी पडलेली ही युक्ती फांदीवरही तितकीच उपयोगी पडली.

याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्या कुंडीतच आहे. महाराष्ट्रात घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात, ते एपिफायलम ऑक्सिपेटालम हा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील अरण्यांचा अपिवनस्पती निवडुंग आहे. (उत्तराखंडचे राज्यपुष्प असलेले हिमालयातील ब्रह्मकमळ ही सूर्यफुलाच्या कुलातील निराळीच वनस्पती, तिचा याच्याशी संबंध नाही.) आपण ज्याला त्याचे पान म्हणतो ते चपटे झालेले खोड, म्हणजे पर्णकांड आहे. त्याची कड नीट पाहा. ठरावीक अंतरावर एक उथळ खाच असते आणि खाचेच्या तळाशी राखाडी ठिपका असतो. वाळवंटी निवडुंगात ज्या गादीतून काट्यांचा झुबका निघतो, तीच ही गादी, शास्त्रीय नाव एरिओल. येथे काटे नाहीत, पण कळी नेमकी याच ठिपक्यातून फुटते. कळीचा लांब दांडा आधी खाली लोंबतो आणि उमलण्याच्या सुमारास टोकाशी वर वळतो. रात्री नऊ-दहाच्या सुमारास फूल पूर्ण उघडते आणि पहाटे मान टाकते. पांढरा रंग, दाट सुवास आणि लांब नळी ही सारी सिद्धता हॉकमॉथ नावाच्या लांब सोंडेच्या पतंगांसाठी आहे. आपण शेजाऱ्यांना बोलावून त्याचे फोटो काढतो तो त्याचा योगायोगाने झालेला लाभ.

वैविध्याच्या बाबतीत दोन प्रदेश ठळक आहेत. एक, दक्षिण मेक्सिको ते मध्य अमेरिका, जिथे एपिफायलम, सेलेनिसेरियस, डिसोकॅक्टस, वेबेरोसेरियस अशा मोठ्या फुलांच्या प्रजाती आहेत. दुसरा, ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतचे डोंगरी अरण्य, जिथे रिप्सालिस, लेपिस्मियम, हॅटिओरा आणि श्लुम्बर्गेरा या प्रजाती एकवटल्या आहेत. एकट्या रिप्सालिसमध्ये पस्तीस ते चाळीस जाती मानल्या जातात आणि त्यांतील बहुतांश ब्राझीलमध्ये आहेत. ॲमेझॉनचे प्रचंड खोरे मात्र निवडुंगांच्या जातिसंख्येत या दोन्ही प्रदेशांच्या मागे राहते, ही गोष्ट मला स्वतःला फार विचार करायला लावणारी वाटते. डोंगर, दऱ्या, धुके आणि उंचीचे टप्पे जिथे आहेत तिथे जाती फुटतात. सपाट, एकसारख्या प्रदेशात एकच जात दूरवर पसरते. एपिफायलम फायलँथस मेक्सिकोपासून पॅराग्वेपर्यंत आढळते, तर श्लुम्बर्गेरा काउत्स्की ही जात ब्राझीलमधील एस्पिरितो सांतो राज्यातील मोजक्या ठिकाणांपलीकडे सापडत नाही.

ॲमेझॉनमध्ये जाती थोड्या असल्या, तरी त्यांत एक जात अशी आहे की तिच्यासाठी स्वतंत्र परिच्छेद हवाच. स्ट्रोफोकॅक्टस विट्टी (जुने नाव सेलेनिसेरियस विट्टी) रिओ नेग्रो या काळ्या पाण्याच्या नदीकाठी, वर्षातील काही महिने पुरात बुडणाऱ्या इगापो अरण्यात राहते. तिची चपटी खोडे वृक्षाच्या बुंध्याला पट्टीसारखी चिकटून, वेढे घेत वर चढतात आणि प्रखर प्रकाशात तांबडी पडतात. पूर चढला की खालचा भाग पाण्याखाली जातो. निवडुंगाने पुराशी जुळवून घ्यावे हे ऐकायला विचित्र वाटते, परंतु तिच्या बिया हवेच्या पोकळ्यांमुळे पाण्यावर तरंगतात आणि नदीच त्यांना दुसऱ्या झाडापर्यंत नेते. 1997 मध्ये विल्हेल्म बार्थलॉट आणि सहकाऱ्यांनी या जुळवणुकीवर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. फुलाची नळी सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांब, त्यामुळे तेवढ्याच लांब सोंडेच्या पतंगाशिवाय तिच्या तळाचा मध कोणाला मिळत नाही. ब्रिटिश वनस्पतिचित्रकार मार्गारेट मी 1952 पासून ब्राझीलमध्ये राहत होत्या. हे फूल उमलताना पाहून तेथेच रेखाटायचे, ही त्यांची अनेक वर्षांची इच्छा होती. मे 1988 मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, नावेच्या टपावर बसून विजेरीच्या उजेडात त्यांनी ते रेखाटले. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

पुढचे प्रतिसादांत लिहीन.

सुमेधा_ठाणे

लेख आवडला, परंतु एक शंका आहे. माझ्याकडचे निवडुंग पावसाळ्यात हटकून कुजतात. मग जिथे बारा महिने दमट हवा आहे तिथे हे कुजत का नाहीत? पाणी कमी वेळ टिकते हे मान्य केले तरी हवेतला ओलावा तर कायम असतोच ना?

कांचनवेल

सुमेधाताई, कुजण्याला हवेतील ओलाव्यापेक्षा मुळांभोवती अडकलेले पाणी आणि त्यामुळे होणारी हवेची कोंडी अधिक कारणीभूत असते. फांदीवर मुळे जवळजवळ उघडी असतात, पाणी लागते आणि निघून जाते. आपण त्याच रोपाला बागेच्या चिकट काळ्या मातीत, तळाला बशी ठेवून लावतो. नारळाची सोडणे, सालीचे तुकडे, थोडा कोळसा आणि कुजलेला पालापाचोळा असे भुसभुशीत मिश्रण वापरल्यास ब्रह्मकमळ किंवा रिप्सालिस मुंबई-ठाण्याच्या पावसातही तग धरतात. मात्र तुमच्याकडे गोल काटेरी मॅमिलारिया असतील तर हा उपाय त्यांना लागू नाही. ते खरोखर कोरड्या प्रदेशातले असतात, त्यांना पावसाळ्यात छपराखालीच ठेवावे.

अरण्यातील निवडुंगांना पाचोळ्याची ओढ किती असते याचे एक उदाहरण देतो. ॲमेझॉनमध्ये काही मुंग्या फांदीवर मातीकाडीचे गोळ्यासारखे घरटे बांधतात, ठरावीक वनस्पतींच्या बिया तोंडात धरून आणतात आणि त्या घरट्याच्या भिंतीत रुजतात. वर उल्लेख केलेले एपिफायलम फायलँथस ही अशा मुंगीबागांतील नेहमीची वनस्पती आहे. रोपाला खतमाती मिळते आणि त्याच्या मुळांनी घरटे पावसात धुऊन जात नाही.

तासगावचा_बागायतदार

आमच्या भागात द्राक्षाची बाग काढून ड्रॅगन फ्रूट लावणारे पुष्कळ आहेत, मीही त्यांतलाच. या धाग्याशी त्याचा संबंध आहे म्हणून लिहितो. लागवडीच्या सुरुवातीला जो तो सांगत होता की, हे निवडुंग आहे, उन्हाचे पीक आहे, पाणी नको, सावली नको, माळरानावर लावा आणि विसरा. प्रत्यक्षात एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेकडच्या बाजूच्या कांड्या पिवळ्या पडतात, मग पांढुरक्या होतात आणि जून-जुलैत त्याच भाजलेल्या जागी कूज शिरते. दुष्काळी पट्ट्यातले पीक म्हणून विकत घेतलेली रोपे उन्हाने भाजतात, हे पहिल्या वर्षी कोणालाच उलगडत नव्हते.

नंतर समजले की, ही मुळात जंगलातली वेल आहे. तिथे ती झाडाच्या बुंध्याला धरून वर चढते आणि पानांच्या विरळ सावलीत वाढते. कांडीच्या सपाट बाजूने जी मुळे फुटतात ती केवळ धरून ठेवण्यासाठी नसतात, तर सालीवरचा ओलावाही त्यांतून जातो. आमचा सिमेंटचा खांब हा त्या झाडाच्या जागी आला आणि वरची गोल रिंग फांदीच्या जागी, कारण वेल वर पोचून खाली लोंबू लागल्यावरच फुलते. बारामतीजवळ माळेगावला जी राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, तिथे या पिकावर बरेच काम झाले आहे आणि उन्हाळ्यात शेडनेटने कांड्या वाचतात, असे तेथूनही सांगितले जाते. आता आम्ही उन्हाळ्यात नेट टाकतो किंवा केओलिन या पांढऱ्या मातीची फवारणी घेतो. काही जणांनी ओळींमध्ये शेवगा लावला आहे आणि त्यांच्या कांड्या आमच्यापेक्षा हिरव्या आहेत, हे मान्य करावे लागते.

एक विचारायचे आहे. आमच्याकडे पांढऱ्या गराचे आणि लाल गराचे असे दोन प्रकार आहेत, रोपवाटिकेची पावती मात्र एकाच नावाची आहे. ही एकच जात की निराळ्या?

वनश्री_कोल्हापूर

तासगावकर, वनस्पतिशास्त्र शिकवत असल्याने आपल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही. पांढऱ्या गराचे आणि वरून गुलाबी सालीचे फळ सामान्यतः सेलेनिसेरियस अंडॅटस या जातीचे असते. लाल गराची फळे सेलेनिसेरियस कोस्टारिसेन्सिस, तिच्या जवळच्या जाती आणि त्यांचे संकर यांपासून आलेली असतात. पिवळ्या, काटेरी सालीचे जे फळ महागड्या दुकानांत दिसते ते सेलेनिसेरियस मेगॅलँथस. आपल्या पावतीवर किंवा जुन्या पुस्तकांत हायलोसेरियस हे नाव असेल. 2017 मध्ये नादिया कोरोत्कोव्हा आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे या गटाची वंशावळ मांडली, तेव्हा हायलोसेरियसच्या जाती सेलेनिसेरियसच्या मधोमध येतात असे दिसले आणि त्यामुळे ही संपूर्ण प्रजाती सेलेनिसेरियसमध्ये विलीन करण्यात आली. लाल गराच्या अनेक वाणांना स्वतःचा पराग चालत नाही, म्हणून दोन्ही प्रकार शेजारी लावणे आणि रात्री ब्रशने परागीकरण करणे फायद्याचे ठरते. मूळ प्रदेशात ते काम वटवाघळे आणि हॉकमॉथ करतात.

मूळ लेखातील एका मांडणीला मात्र पुरवणी जोडणे आवश्यक आहे. ‘निवडुंग अरण्यात शिरले’ असे वाचल्यावर ही घटना एकदाच घडली असा समज होतो. तसे नाही. मध्य अमेरिकेतील हायलोसेरीई (एपिफायलम, सेलेनिसेरियस इत्यादी) आणि ब्राझीलमधील रिप्सालिडी (रिप्सालिस, श्लुम्बर्गेरा इत्यादी) हे दोन गट स्वतंत्रपणे झाडावर चढले. पहिल्या गटाची फुले मोठी, बहुधा रात्री उमलणारी. दुसऱ्या गटात ती प्रायः नखाएवढी, दिवसा उघडणारी आणि मधमाश्यांवर अवलंबून असलेली. श्लुम्बर्गेरा हा त्यांतला अपवाद, कारण त्याची लालगुलाबी, तिरकी फुले हमिंगबर्डसाठी घडलेली आहेत. याखेरीज बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या अँडीज उतारांवर फेफेरा नावाची प्रजाती आहे. ती दिसायला इतकी लेपिस्मियमसारखी की, बराच काळ तिच्या जाती त्यातच घातल्या जात होत्या, परंतु डीएनएने ती रिप्सालिडी गटाबाहेरची ठरली. म्हणजे फांदीवरचे जीवन किमान तीन निराळ्या वाटांनी आले आणि तिन्ही वेळा शरीराची ठेवण जवळपास एकाच साच्यात गेली. आपल्याकडचा त्रिधारी निवडुंग किंवा साबरकांड हे युफोर्बिया कुलातले असून अमेरिकन निवडुंगांसारखे दिसतात, तीच गोष्ट एका कुलाच्या आतही घडते. (युफोर्बिया तोडल्यास पांढरा चीक येतो आणि त्याला एरिओल नसते, एवढ्या दोन खुणा विद्यार्थ्यांना पुरतात.)

यामुळेच जातींची मोजणी करताना आकड्यांना फार चिकटून राहू नये. रिप्सालिसच्या कितीतरी जाती हर्बेरियमच्या वाळलेल्या नमुन्यावरून ठरवणे अशक्य असते. एकाच रोपाची वरची कांडी गोल आणि सावलीतली कांडी धारदार असू शकते. रोपवाटिकांत ईस्टर कॅक्टस म्हणून मिळणारे रोप गेल्या शतकाहून अधिक काळात एपिफायलम, श्लुम्बर्गेरा, रिप्सालिडॉप्सिस आणि हॅटिओरा या चारही प्रजातींत फिरून आले आहे. रोप तेच आहे.

पेरूचा_फोडी

या गटांत पेरेस्कियाचा उल्लेख अजून कोणी केला नाही. त्याला खरी पाने असतात, लाकडी खोड असते आणि अनोळखी माणसाला ते निवडुंग आहे हे सांगूनही पटत नाही.

वनश्री_कोल्हापूर

बरोबर, आणि तो उल्लेख हवाच. पेरेस्किया प्रामुख्याने उष्ण कटिबंधातील कोरड्या, पानगळीच्या अरण्यांतील झाडे-झुडपे आहेत आणि निवडुंगांचे पूर्वज काहीसे असेच दिसत असावेत, असे मानले जाते. 2005 मध्ये एरिका एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, हा गट एकसंध नाही. त्याच्या दोन शाखा कुलाच्या तळाशी वेगवेगळ्या फुटतात. त्यातील उत्तरेकडच्या शाखेत खोडावर त्वग्रंध्रे नसतात, म्हणजे खोडाने पानाचे काम करायला अजून सुरुवात केलेली नाही. 2013 मध्ये या शाखेला ल्यूएनबर्गेरिया असे निराळे नाव देण्यात आले. आपल्याकडच्या बागांत नारिंगी फुलांचे जे पेरेस्किया ब्लेओ दिसते ते आता ल्यूएनबर्गेरिया ब्लेओ आहे. वेलीसारख्या चढणाऱ्या पेरेस्किया ॲक्युलिआटाची पाने ब्राझीलमध्ये भाजी म्हणून खातात. दक्षिण आफ्रिकेत तीच वेल जंगलाच्या कडेने माजून उपद्रवी तण ठरली आहे.

साओ_पावलोहून

नोकरीनिमित्त मी काही वर्षे साओ पावलो येथे राहतो. वनश्रीताईंच्या भाजीला दुजोरा देतो: तिला येथे ‘ओरा-प्रो-नोबिस’ म्हणतात, मिनास जेराइस राज्यात कोंबडीच्या रश्शात घालतात आणि शिजल्यावर तिला भेंडीसारखी किंचित बुळबुळ येते. देठाशी वाकडे काटे असतात, त्यामुळे निवडताना सावध राहावे लागते.

रिप्सालिस पाहायला येथे अरण्यात जाण्याचीही गरज पडत नाही. रस्त्याकडेच्या जुन्या झाडांच्या आडव्या फांद्यांवर त्याचे हिरवे झुबके लोंबत असतात. मी प्रथम ते बांडगूळ समजलो होतो, कारण फळे तशीच पांढरट, अर्धपारदर्शक, मोत्याएवढी असतात आणि चिरडल्यास बोटाला चिकटतात. जवळून पाहिल्यावर प्रत्येक दोऱ्याच्या सांध्यावर दोन-तीन नवे दोरे फुटलेले दिसतात आणि दोऱ्यावर सूक्ष्म ठिपके, म्हणजे तेच एरिओल. लेपिस्मियम क्रुसिफॉर्मे मात्र ओळखायला सोपे आहे. त्याची कांडी तीन धारांची असते, खाचांतून पांढरी लव डोकावते आणि त्याच लवेतून जांभळट लाल फळ बाहेर येते.

शहरात एवढे दिसते म्हणून सारे आलबेल आहे असे मात्र समजू नये. शहरात टिकतात त्या दूरवर पसरलेल्या, कुठेही रुजणाऱ्या दोन-चार जाती. दुर्मीळ जाती डोंगरातील धुक्याच्या पट्ट्यात, जुन्या वृक्षांवर असतात आणि किनाऱ्यालगतचे हे अरण्य ऊस, कॉफी, कुरणे आणि शहरे यांमुळे तुकड्यातुकड्यांत उरले आहे. नव्याने लावलेल्या वनात वृक्ष पंचवीस वर्षांत उंच होतात, परंतु अपिवनस्पतींना हवी असलेली खडबडीत साल आणि पाचोळ्याने भरलेली बेचकी तयार व्हायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो.

मंदार_दादर

श्लुम्बर्गेराचा विषय निघालाच आहे तर विचारतो. डिसेंबरमध्ये फुललेले ख्रिसमस कॅक्टस विकत आणले, पुढच्या वर्षी एकही कळी नाही. खत घातले, जागा बदलली, काही उपयोग झाला नाही. गॅलरीत रात्रभर रस्त्याच्या दिव्याचा उजेड येतो, एवढेच काय ते सांगण्यासारखे.

कांचनवेल

मंदार, उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. श्लुम्बर्गेराला कळी धरण्यासाठी लांब, अखंड काळोखाच्या रात्री लागतात आणि त्या रात्री गार असाव्या लागतात. रिओ द जानेरोच्या मागे सेरा दोस ओर्गाओस नावाची डोंगररांग आहे, तिथल्या अरण्यात हे वाढते. दक्षिण गोलार्धात एप्रिल-मेमध्ये दिवस लहान होतात, म्हणून तिथे त्याला ‘मे महिन्याचे फूल’ म्हणतात. उत्तरेला आणल्यावर तेच नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फुलू लागले आणि नाताळाशी जोडले गेले. दिवाळीच्या आधीपासून सहा आठवडे त्याला संध्याकाळी सहा ते सकाळी आठ दिव्यापासून दूर, खोलीच्या काळोख्या कोपऱ्यात ठेवा. पाणी थोडे कमी करा. पुण्याला किंवा महाबळेश्वरला गारव्याचा भाग निसर्गच करतो, दादरला तेवढी खात्री देता येत नाही.

गंमत अशी की, याच कुलातील ड्रॅगन फ्रूट नेमके उलट वागते. त्याला दिवस मोठा लागतो, म्हणून आपल्याकडे ते जूनपासून फुलते आणि थंडीत थांबते. व्हिएतनाममधील बिन्ह थुआन भागात शेतकरी हंगामाबाहेर फळ घेण्यासाठी बागेत रात्री दिवे लावतात. तुमच्या गॅलरीतील दिवा श्लुम्बर्गेराला अडवतो, तोच तासगावकरांच्या बागेत फळ धरायला लावेल.

तासगावचा_बागायतदार

दिव्यांचा प्रयोग आमच्याकडेही काहींनी सुरू केला आहे. विजेचा खर्च आणि हिवाळ्यातला दर यांचे गणित अजून प्रत्येकाचे निराळे येते.

अनवट_वाटसरू

चर्चा पूर्णपणे दमट अरण्याकडे झुकली आहे, म्हणून कोरड्या अरण्यांची बाजू मांडतो. ‘उष्ण कटिबंधातील अरण्य’ म्हणजे केवळ सदाहरित अरण्य नव्हे. ईशान्य ब्राझीलमधील काटिंगा हे काटेरी, पानगळीचे अरण्य आहे. तिथे मांडाकारू (सेरियस जामाकारू) झाडासारखा फांद्या फुटून वाढतो, दुष्काळात त्याचे काटे जाळून गुरांना खाऊ घालतात आणि पिलोसोसेरियस, मेलोकॅक्टस, टासिंगा या प्रजातींनी प्रदेश भरलेला आहे. मेक्सिकोच्या पॅसिफिक बाजूची पानगळीची अरण्येही अशीच समृद्ध आहेत. जातींची नुसती संख्या पाहिली तर कोरडे अरण्य दमट अरण्याला सहज मागे टाकते. दमट अरण्याच्या आतही मधूनच उघडे, उभे ग्रॅनाइटचे कातळ असतात. रिओच्या परिसरातील अशा कातळांवर कोलिओसेफॅलोसेरियस उभा असतो आणि हाकेच्या अंतरावरच्या झाडावर रिप्सालिस लोंबत असतो. तेव्हा ‘दमट निवडुंग’ आणि ‘कोरडे निवडुंग’ अशी भिंत घालण्यापेक्षा एकाच डोंगरावरचे वेगवेगळे कोनाडे पाहणे अधिक योग्य ठरेल. ब्राझिलियोपंशिया तर आपल्या फड्या निवडुंगाचा नातलग, पण अरण्यात वीस मीटरपर्यंत उंच वृक्ष होतो.

धोक्यांविषयीही दोन ओळी. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक मूल्यमापनात 1,478 जाती तपासण्यात आल्या आणि त्यांपैकी 31 टक्के धोक्यात असल्याचे आढळले. वाळवंटी जातींना चोरटा व्यापार छळतो. अरण्यातील जातींना तोड अधिक छळते, कारण वृक्ष पडला की त्यावरचे सारे गाव पडते. फ्लोरिडातील की लार्गो बेटावरच्या उष्ण कटिबंधीय वनात पिलोसोसेरियस मिल्सपॉई हा उंच निवडुंग 1992 मध्ये नोंदवला गेला होता. समुद्राचे पाणी वाढले, खारे पाणी मुळांपर्यंत पोचले, आणि 2023 मध्ये उरलेसुरले हिरवे तुकडे उचलून रोपवाटिकेत न्यावे लागले. कॅरिबियनमधील काही बेटांवर ही जात अजून आहे, अमेरिकेच्या भूमीवर मात्र नैसर्गिक अवस्थेत उरलेली नाही.

सुमेधा_ठाणे

मी असे वाचले होते की, निवडुंग फक्त अमेरिका खंडात नैसर्गिकरीत्या आढळतात आणि एक जात मात्र श्रीलंकेतही आहे. हे खरे आहे का? आणि असेल तर ती तिथे पोचली कशी?

वनश्री_कोल्हापूर

खरे आहे. रिप्सालिस बॅक्सिफेरा ही एकच जात अमेरिकेबाहेर, उष्ण कटिबंधीय आफ्रिका, मादागास्कर, मॉरिशसच्या बाजूची बेटे आणि श्रीलंका येथे नैसर्गिक अवस्थेत आढळते. गंमत म्हणजे तिचे पहिले वर्णन 1771 मध्ये झाले तेव्हा तिला निवडुंग मानलेच नव्हते. कॅसिथा या तंतूसारख्या परोपजीवी वेलीच्या प्रजातीत तिला टाकले होते.

ती पोचली कशी, यावर तीन मते आहेत. पहिले, खंड जोडलेले असतानाच ती तिथे होती. हे टिकत नाही, कारण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी विलग झाली आणि निवडुंगांचे कुलच साधारण तीन-साडेतीन कोटी वर्षांचे आहे. दुसरे, जुन्या खलाशांनी नेली. शोभेसाठी किंवा सामानाच्या बांधणीत तिचे झुबके गेले असतील, असे सांगतात. तिसरे, पक्ष्यांनी नेली. अमेरिकेत युफोनिया नावाचे छोटे पक्षी ही चिकट फळे खातात. आपल्याकडे फुलटोच्या हा छोटा पक्षी बांडगुळाचे बी जसे फांदीला पुसतो, तोच प्रकार. खलाशांच्या मताविरुद्ध माझ्या दृष्टीने सर्वांत भक्कम पुरावा रोपातच आहे. अटलांटिकच्या पलीकडची रोपे गुणसूत्रांच्या अधिक संचांची आहेत आणि मादागास्करमधील ‘हॉरिडा’ ही उपजाती तर बालरोपासारखी केसाळ, राठ लव अंगावर ठेवूनच फुलते. चार-पाचशे वर्षांत एवढे वेगळेपण येणे मला कठीण वाटते. अर्थात तीन हजार किलोमीटरचा समुद्र ओलांडेपर्यंत पक्ष्याच्या पोटात बी राहते का, हा आक्षेप पक्ष्यांच्या बाजूनेही पूर्ण सुटत नाही. पायाला किंवा पिसांना चिकटून गेले असेल, इतपतच म्हणता येते.

पेरूचा_फोडी

शेवटची एक विनंती. ऑनलाइन मागवलेले ‘फिशबोन कॅक्टस’ माझ्याकडे आहे. माशाच्या काट्यासारखी, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने कापलेली चपटी कांडी. एका ठिकाणी त्याचे नाव डिसोकॅक्टस अँग्युलिगर दिले आहे, दुसरीकडे सेलेनिसेरियस अँथोनियानस. कोणते धरावे?

वनश्री_कोल्हापूर

दोन्ही मेक्सिकोच्या अरण्यांतले आणि दोन्ही त्याच नावाने विकले जातात, त्यामुळे फूल येईपर्यंत ठामपणे सांगू नये. तोवर एरिओल पाहा: अँथोनियानसमध्ये तीन-चार आखूड काटे असतात आणि वेल आधार शोधत हवेत मुळे सोडत चढू पाहते, अँग्युलिगर बहुधा बिनकाट्याचे राहते आणि कुंडीतून खाली लोंबते. फुलल्यावर शंका उरत नाही. अँग्युलिगरच्या फुलाच्या आतल्या पाकळ्या पांढऱ्या आणि बाहेरच्या पिवळट असतात, अँथोनियानसमध्ये बाहेरून गर्द किरमिजी छटा दिसते. कांडीच्या दोन्ही बाजूंचे आणि एका एरिओलचे जवळून घेतलेले छायाचित्र येथे टाका, म्हणजे सगळ्यांनाच पाहता येईल.

पेरूचा_फोडी

आत्ताच भिंगातून पाहिले. बहुतेक खाचांत चार आखूड, तपकिरी काटे आहेत आणि मागच्या बाजूला मुळे भिंतीच्या रंगाला चिकटली आहेत. म्हणजे अँथोनियानस असण्याची शक्यता जास्त दिसते. कुंडी लोंबती ठेवण्याऐवजी आता तिला नारळाच्या सोडणाने गुंडाळलेला खांब देतो आणि उद्या उजेडात छायाचित्रे टाकतो.